दिसायला जांभळा चेंडू, नात्याने कांद्याचा भाऊ! शोभेच्या ॲलियमबद्दल सगळं काही

मे महिना लागला की इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर एक फोटो हमखास फिरू लागतो. कमरेएवढ्या उंच, सरळसोट दांड्यावर क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा जांभळा गोळा, त्यावर घोंघावणाऱ्या मधमाश्या आणि मागे विलायतेतली हिरवीगार बाग. खाली कमेंटही ठरलेल्या असतात. हे कुठलं फूल? आपल्याकडे येईल का? बी कुठे मिळेल?

या फुलाचं नाव ॲलियम. आणि गंमत म्हणजे ते दुसरंतिसरं कुणी नसून आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्या-लसणाचं सख्खं भावंड आहे. लंडन, न्यू जर्सी किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने ते लावलं तर फारशी मेहनत न घेता दरवर्षी फुलतं. पुण्या-मुंबईत मात्र तोच कंद लावला तर बहुतेक वेळा पैसे आणि उत्साह दोन्ही मातीत जातात. असं का होतं, ॲलियम नेमकं कसं लावायचं आणि महाराष्ट्रात त्याऐवजी काय लावता येईल, हे सगळं इथे सविस्तर पाहू.

ॲलियम म्हणजे नेमकं काय?

ॲलियम हे एका वनस्पती प्रजातीचं शास्त्रीय नाव आहे. कांदा, लसूण, लीक, चाइव्ह्ज हे सगळे याच प्रजातीतले. तिच्यात जगभरात ९०० हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात उगवतात. पूर्वी त्यांना लिलीच्या कुळात धरलं जायचं, आता त्यांची गणना ॲमॅरिलिसच्या कुळात होते.

लांबून एक मोठं फूल वाटतं, ते प्रत्यक्षात एक फूल नसतं. दांड्याच्या टोकाशी एकाच बिंदूपासून असंख्य बारीक देठ फुटतात आणि प्रत्येक देठावर सहा पाकळ्यांची एक छोटी चांदणी उमलते. मोठ्या जातींमध्ये अशा शेकडो चांदण्या मिळून तो गोळा तयार होतो. नाशिक, पुणे, अहिल्यानगर भागात ज्यांनी बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचं शेत पाहिलंय, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. कांद्याच्या त्या पांढऱ्या गोंड्याची आणि या जांभळ्या चेंडूची घडण अगदी एकच आहे.

मग बागेत कांद्याचा वास येतो का? सहसा नाही. कांद्या-लसणाचा तो उग्र वास पेशी चिरडल्या किंवा कापल्या गेल्यावर तयार होतो. पान चुरगाळलं तर वास येईल, पण उभ्या फुलाजवळ गेलं तर येत नाही. काही जातींच्या फुलांना तर हलका गोड सुगंध असतो.

इराणच्या डोंगरातून हॉलंडच्या शेतात

शोभेच्या ॲलियमचं खरं माहेर युरोप नाही. आज बागांमध्ये दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या जाती इराण, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान या पट्ट्यातल्या डोंगराळ, खडकाळ भागातून आल्या आहेत. तिथला हिवाळा कडाक्याचा, वसंतात थोडा पाऊस आणि बर्फाचं पाणी, मग लांबलचक कोरडा उन्हाळा. या वेळापत्रकाशी जुळवून घेत या वनस्पतीने कंद तयार केला. थंडीत जमिनीखाली झोपायचं, वसंतात झपाट्याने वाढून फुलायचं आणि उन्हाळा लागला की पुन्हा जमिनीखाली गडप व्हायचं. हे एक चक्र लक्षात ठेवलं की पुढचे लागवडीचे सगळे नियम आपोआप समजतात.

एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्य मध्य आशियात पसरलं, तेव्हा तिथल्या वनस्पती सेंट पीटर्सबर्गच्या वनस्पती उद्यानात पोहोचू लागल्या. या उद्यानाचे संचालक एडुआर्ड रेगेल यांनी त्यातल्या अनेक ॲलियमची शास्त्रीय नोंद केली. पुरुषभर उंच वाढणारं ॲलियम जायगँटियम त्यांनीच १८८३ मध्ये नोंदवलं. पुढे डच शेतकऱ्यांनी हे कंद मोठ्या प्रमाणावर वाढवले, संकरित वाण तयार केले आणि जगभर विकले. फुलांच्या कंदांच्या उत्पादनात नेदरलँड्स आजही जगात पहिल्या क्रमांकावर आहे. सर्वाधिक लोकप्रिय जातींपैकी एकीचं नाव तर ॲलियम हॉलंडिकम असं आहे. नाव हॉलंडचं, पण मूळ इराणचं!

'सिलसिला' (१९८१) या चित्रपटात दिसलेलं नेदरलँड्समधलं क्यूकेनहॉफ उद्यान भारतीय पर्यटकांना ट्यूलिपसाठी माहीत आहे. ट्यूलिपचा बहर ओसरला आणि गुलाबाचा अजून आला नाही, अशा मधल्या दिवसांत युरोपातल्या बागा रिकाम्या वाटतात. ॲलियम नेमकं त्याच सुमाराला, मे-जूनमध्ये फुलतं आणि ती पोकळी भरून काढतं. माळ्यांचं ते लाडकं होण्यामागचं हे मोठं कारण आहे.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या बार्न्सली हाउस इथे रोझमेरी व्हेरी यांनी केलेली रचना खूप गाजली. वर लॅबर्नम झाडांची कमान, तिच्यातून लोंबणारे पिवळे घोस आणि खाली दुतर्फा उभे जांभळे ॲलियम. आपल्याकडच्या फुललेल्या बहाव्याखाली जांभळे चेंडू उभे आहेत अशी कल्पना केली की ते दृश्य डोळ्यांसमोर येतं. डच उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ यांनीही ॲलियमचा भरपूर वापर केला. त्यांना फुलांइतकेच वाळलेले गोंडेही महत्त्वाचे वाटतात.

कोणकोणते प्रकार मिळतात?

बाजारात डझनावारी वाण आहेत. त्यातले नेहमी दिसणारे असे:

- पर्पल सेन्सेशन: नवशिक्यांसाठी सर्वात खात्रीचा. उंची ७५ ते ९० सेंटिमीटर, गडद जांभळा गोळा साधारण ८ ते १० सेंटिमीटर रुंद. व्हायरल फोटोंमध्ये बहुतेक वेळा हाच असतो.
- जायगँटियम: दीड मीटर किंवा त्याहूनही उंच. बागेच्या मागच्या बाजूला लावायचा.
- ग्लोबमास्टर: दोन जातींचा संकर. गोळा १५ ते २० सेंटिमीटरचा. याला बी धरत नाही, त्यामुळे फूल जास्त दिवस टिकतं. कंद महाग असतो.
- क्रिस्टॉफी: इंग्रजीत याला इराणचा तारा म्हणतात. दांडा बुटका, पण गोळा २० सेंटिमीटरपर्यंत. पाकळ्यांना धातूसारखी चमक असते.
- शुबर्टी: काही देठ आखूड, काही लांब, त्यामुळे आकाशात फुटलेल्या दिवाळीच्या फटाक्यासारखा दिसतो. गोंडा ३० सेंटिमीटरपर्यंत पसरतो. हा पूर्व भूमध्य सागराच्या भागातला.
- स्फेरोसेफॅलन: अंड्याच्या आकाराचा, खाली हिरवा आणि वर किरमिजी. जुलैमध्ये फुलतो, कंद स्वस्त असतात. ब्रिस्टल शहराजवळच्या एव्हन नदीच्या घळीत तो रानात उगवतो, म्हणून त्याला ब्रिस्टलचा कांदा असंही म्हणतात.
- सेरुलियम: निळ्या रंगाचा, लहान गोळ्याचा, मध्य आशियातला.
- मोली: पिवळी फुलं, उंची जेमतेम १५ ते ३० सेंटिमीटर. वाफ्याच्या कडेला शोभतो.
- मिलेनियम: हा कंदापेक्षा झुडपासारखा वाढतो आणि भर उन्हाळ्यात फुलतो. अमेरिकेत तयार झालेल्या या वाणाला तिथल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने २०१८ सालची सर्वोत्तम बहुवर्षायू वनस्पती म्हणून निवडलं होतं.

मे, जून, जुलै अशा वेगवेगळ्या महिन्यांत फुलणारे दोन-तीन प्रकार एकत्र लावले, तर बागेत सलग अडीच-तीन महिने काहीतरी फुललेलं राहतं.

लागवड कशी करायची? (थंड देशांसाठी)

वेळ: ब्रिटन, युरोप, अमेरिकेचा उत्तर भाग आणि कॅनडात सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे जमीन गोठण्याआधी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नसारख्या ठिकाणी ऋतू उलटे असतात, तिथे मार्च ते मे.

जागा: दिवसभर ऊन येणारी. सावलीत दांडे वाकडे आणि लुकडे होतात.

माती: इथे बहुतेक लोक चुकतात. ॲलियमला कडाक्याची थंडी चालते, पण हिवाळ्यात मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. चिकणमाती असेल तर जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळावी, किंवा उंच वाफा करावा.

खोली: कंदाच्या उंचीच्या किमान तिप्पट. ५ सेंटिमीटरचा कंद असेल तर खड्डा १५ सेंटिमीटर. कंद वरवर लावला तर उंच दांडा वाऱ्याने कलंडतो आणि कंद फुटून त्याची लहान-लहान पिल्लं होतात, जी फुलत नाहीत.

अंतर: लहान जातींसाठी ८ ते १० सेंटिमीटर, मोठ्या जातींसाठी साधारण २० सेंटिमीटर. एका ओळीत सैनिकांसारखे उभे करण्यापेक्षा पाच-सातच्या घोळक्यात लावले की जास्त नैसर्गिक दिसतात.

दिशा: टोक वर, मुळांची चकती खाली. कांदा लावतो तसंच.

पाणी आणि खत: लावल्यावर एकदा पाणी द्यायचं. पुढचं काम पाऊस आणि बर्फ करतात. वसंतात वाढ सुरू असताना फारच कोरडं पडलं तर पाणी द्यावं. माती हलकी असेल तर वसंताच्या सुरुवातीला थोडं संतुलित खत पुरतं. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि दांडे मऊ पडतात.

कुंडीत: किमान ३० सेंटिमीटर खोल, खाली पाणी जाण्यासाठी भोकं असलेली कुंडी घ्यावी. क्रिस्टॉफी किंवा मोलीसारख्या बुटक्या जाती कुंडीत जास्त चांगल्या वाढतात.

पानं पिवळी पडली, झाड मेलं का?

पहिल्यांदा ॲलियम लावणाऱ्याची सर्वात मोठी धास्ती हीच असते. फूल उमलायच्या सुमाराला खालची पानं पिवळी पडून वाळायला लागतात. मग पाणी वाढवलं जातं, औषध फवारलं जातं आणि कधीकधी झाडच उपटलं जातं.

प्रत्यक्षात हा रोग नाही, ही ॲलियमची सवय आहे. मूळ प्रदेशात पुढे कोरडा उन्हाळा येणार असतो, म्हणून पानांतलं अन्न खाली कंदात साठवून झाड आवरतं घेतं. ही पानं हिरवी असताना कापली तर कंद उपाशी राहतो आणि पुढच्या वर्षी फूल छोटं येतं किंवा येतच नाही. पूर्ण वाळल्यावर ती हलक्या हाताने ओढली तरी निघतात.

दिसायला ते ओंगळ दिसतं, हे खरं. त्यावर माळ्यांचा जुना उपाय म्हणजे ॲलियमच्या पुढे पसरट झुडपं लावणं. हार्डी जिरेनियम, अल्केमिला, शोभेची गवतं यांच्या पानांत वाळलेली पानं झाकली जातात आणि वर फक्त गोळे तरंगताना दिसतात.

फूल ओसरल्यावर काय?

इथे दोन पर्याय असतात. पहिला, गोंडा तसाच ठेवायचा. वाळल्यावर तो सोनेरी-तपकिरी होतो आणि हिवाळ्यापर्यंत सुंदर दिसतो. दांड्यासकट कापून, उलटा टांगून वाळवला तर घरात फुलदाणीत महिनोन्महिने टिकतो.

दुसरा पर्याय, बी पडण्याआधी गोंडा कापायचा. पर्पल सेन्सेशनसारख्या जाती बी टाकून आपोआप पसरतात. जागा मोकळी असेल तर ते चांगलंच, नसेल तर गोंडा वेळेवर कापणं सोपं.

बियांपासून रोप करता येतं, पण धीर लागतो. मोठ्या जातींना बी पेरल्यापासून फूल यायला तीन ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. शिवाय संकरित वाणाच्या बियांतून मूळ वाणासारखंच फूल येईल याची हमी नसते. त्याऐवजी तीन-चार वर्षांनी दाटी झाल्यावर उन्हाळ्यात कंद उकरून, पिल्लं सुटी करून, शरदात पुन्हा लावणं हा सोपा मार्ग आहे.

रोग आणि किडी

हरीण, ससे आणि खारी ट्यूलिपचा फडशा पाडतात, पण ॲलियमच्या वाटेला सहसा जात नाहीत. न्यू जर्सीसारख्या भागात, जिथे हरणं थेट परसात येतात, तिथे ही मोठीच सोय आहे. मधमाश्या आणि भुंग्यांना मात्र ही फुलं अतिशय आवडतात.

तरी कांद्याचे बरेचसे रोग या भावंडालाही होतात. सर्वात वाईट म्हणजे पांढरी कूज. कंदाच्या बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी येते आणि तिच्यात खसखशीएवढे काळे दाणे दिसतात. हे दाणे जमिनीत दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जिवंत राहतात. असा कंद दिसला तर तो कंपोस्टमध्ये टाकू नये, मातीसकट काढून नष्ट करावा आणि त्या जागी पुन्हा कांदा, लसूण किंवा ॲलियम लावू नये. म्हणूनच ज्यांच्या परसात खाण्याच्या कांद्या-लसणाचा वाफा आहे, त्यांनी शोभेचे ॲलियम त्याच्यापासून दूर लावलेले बरे.

याशिवाय तांबेरा, केवडा आणि कांदा माशी यांचा त्रास होऊ शकतो. ॲलियमची पानं पोखरणारी एक माशी युरोपातून अमेरिकेत पोहोचली आहे. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात ती पहिल्यांदा आढळली. पानांवर ओळीने पांढरे ठिपके दिसले तर सावध व्हायला हवं.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर आधी हे वाचा

सुंदर फोटोंखाली सहसा न लिहिली जाणारी ही गोष्ट. ॲलियम प्रजातीतल्या वनस्पती कुत्र्या-मांजरांसाठी विषारी असतात. कांदा, लसूण, चाइव्ह्ज आणि शोभेचे प्रकार, सगळेच यात आले. यातले गंधकयुक्त घटक प्राण्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. मांजरं कुत्र्यांपेक्षाही जास्त संवेदनशील असतात.

यातला खरा धोका म्हणजे लक्षणं लगेच दिसत नाहीत. उलटी-जुलाब लवकर होऊ शकतात, पण अशक्तपणा, फिक्या हिरड्या, धाप, लालसर-तपकिरी लघवी ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात. तोवर काय खाल्लं होतं, हेही घरच्यांच्या लक्षात राहिलेलं नसतं. कंद खाल्ल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावं.

कंद लावताना काही जण हाडांचं खत घालतात. त्याच्या वासाने कुत्रा हमखास जमीन उकरतो आणि कंद तोंडात घेतो. कुत्रा असेल तर हे खत टाळावं आणि लावलेल्या जागेवर काही आठवडे जाळी टाकावी.

ही बाब बाग नसलेल्यांनाही लागू आहे. शिजवल्याने हे विष जात नाही. उरलेली कांदाभजी, लसणाची फोडणी घातलेली आमटी किंवा रस्सा कुत्र्याला घालणं आपल्याकडे अगदी सर्रास चालतं. ते टाळायलाच हवं. जनावरांनाही, विशेषतः गायींना, जास्त प्रमाणात कांदा खाऊ घातला तर तोच त्रास होतो.

माणसांचं काय? शोभेच्या कंदांवर विक्रीपूर्वी रसायनांची प्रक्रिया झालेली असू शकते. त्यामुळे तो कांद्यासारखा दिसला तरी स्वयंपाकात वापरू नये. काहींच्या त्वचेला कंदांमुळे खाज येते, हातमोजे घातलेले बरे.

मग पुण्या-मुंबईत ॲलियम येईल का?

मोठे शोभेचे प्रकार फुलायचे असतील तर कंदाला आधी दीर्घ थंडी मिळावी लागते. आठवड्यांमागून आठवडे माती थंड राहिली की कंदाच्या आत फुलाचा कोंब तयार होतो. ती थंडी मिळाली नाही तर फार तर पानं येतात, फूल नाही.

पुण्यात जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी ३० च्या आसपास जातो. निफाडला कधीकधी ५ अंशांखालीही नोंद होते, पण ती थंडी काही रात्रींपुरती. मुंबई, कोकण आणि गोव्यात तर तेवढीही नाही. त्यानंतर मार्चपासून ऊन तापतं आणि जूनपासून चार महिने माती ओलीगच्च. म्हणजे ॲलियमला हवं ते मिळत नाही आणि नको ते सगळं मिळतं.

कंद काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवून लावण्याचा प्रयोग करता येतो. तो करायचाच असेल तर कंद कोरड्या कागदी पिशवीत, फळांपासून दूर ठेवावेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू कंदाच्या आतल्या कोंबाला मारक ठरतो. पण बाहेरचं ऊन लवकर तापत असल्याने दांडे आखूड राहण्याची शक्यता मोठी आणि पावसाळ्यात कंद कुजण्याचीही. दरवर्षी फुलणारी बाग यातून उभी राहत नाही.

हिमालयात मात्र ॲलियमच्या देशी जाती आहेत. जांभळ्या फुलांचं ॲलियम वॉलिची तिथल्या उंच उतारांवर पावसाळ्यात फुलतं. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात काम केलेल्या नॅथॅनियल वॉलिच यांचं नाव त्याला दिलं आहे. उत्तराखंड आणि नेपाळमध्ये डाळीला फोडणी द्यायला वापरतात तो जंबू हाही ॲलियमचाच प्रकार.

महाराष्ट्रात लावता येतील असे पर्याय

१. आपला कांदा. हो, चक्क कांदा! विलायती ॲलियमला न पुरणारी आपली थंडी कांद्याला पुरते. नाशिक-पुण्याकडचे शेतकरी बियाण्यासाठी मुद्दाम कांदे पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना डोंगळे म्हणतात. घरी करायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्यम आकाराचे, निरोगी, कोंब फुटलेले दोन-तीन कांदे १२ इंची कुंडीत लावावेत. माती, शेणखत आणि वाळूचं भुसभुशीत मिश्रण, भरपूर ऊन आणि बेताचं पाणी एवढंच लागतं. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पोकळ हिरवे दांडे वर येतात आणि प्रत्येकावर पांढऱ्या चांदण्यांचा गोळा फुलतो. एका कांद्याला अनेकदा एकाहून जास्त दांडे येतात. पुढे त्यात काळं बी धरतं, त्याला उळे म्हणतात. ते वर्षभरात वापरावं, नंतर उगवण झपाट्याने कमी होते. मुंबई आणि कोकणात थंडी कमी असल्याने दांडे येतीलच असं नाही.

लसूण लावला तर असंच फूल येईल का? आपल्याकडच्या लसणाला सहसा फूल येत नाही, त्यामुळे शोभेसाठी कांदाच बरा.

२. लसणी चाइव्ह्ज. चपट्या पानांची ही वनस्पती उष्ण हवामानातही तग धरते. पानांना लसणाचा स्वाद आणि वर पांढऱ्या चांदण्यांचे झुपके. पानं आणि फुलं दोन्ही खाता येतात. बाल्कनीतल्या कुंडीसाठी उत्तम, आणि खराखुरा ॲलियम.

३. सोसायटी गार्लिक. दक्षिण आफ्रिकेतली ही वनस्पती ॲलियम नाही, पण त्याच कुळातली आहे. फिक्या जांभळ्या फुलांचे झुपके येतात, पानांना लसणाचा वास असतो आणि तिला कडाक्याची थंडी लागत नाही.

४. मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली. गोल चेंडूच हवा असेल तर यासारखं दुसरं फूल नाही. मूळ आफ्रिकेतलं, पण कोकण-गोव्यापासून पुण्यापर्यंत अनेकांच्या अंगणात पिढ्यान् पिढ्या रुजलेलं. वळवाचे शिंतोडे पडले की मे-जूनमध्ये जमिनीतून थेट लालभडक गोळा वर येतो. हीसुद्धा ॲलियमच्याच कुळातली, आणि कुत्र्या-मांजरांसाठी विषारीच. एकदा कंद लावला की वर्षानुवर्षं विचारायला लागत नाही.

ऑनलाइन खरेदी करताना

- ॲलियमचे खरे रंग जांभळा, गुलाबी, किरमिजी, पांढरा, पिवळा आणि निळा. इंद्रधनुषी पट्ट्यांचा किंवा एकाच गोळ्यात पाच रंग असलेला फोटो दिसला तर तो संगणकावर बनवलेला आहे असं समजावं.
- बियांची पुडी घेऊन काही महिन्यांत मोठा जांभळा चेंडू फुलेल असा दावा असेल तर तिथेच थांबावं. हे फूल बियांपासून यायला वर्षं लागतात.
- विक्रेत्याने वाणाचं पूर्ण नाव दिलं आहे का ते पाहावं. फक्त 'जायंट पर्पल' एवढंच लिहिलं असेल तर हातात काय पडेल याचा नेम नाही.
- कंद कडक, जड आणि बुरशीविरहित हवा. मऊ किंवा हलका कंद परत करावा.
- परदेशातून येताना बॅगेत कंद टाकून आणायचा मोह होतो. पण भारतात रोपं, बियाणं आणि कंद आणण्यावर २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशाची बंधनं आहेत. त्यासाठी आयात परवाना आणि ज्या देशातून आणायचं तिथल्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हा नुसता कागदी नियम नाही. एका कंदातून आलेली पांढरी कूज शेतात शिरली तर तिथे पुढची कित्येक वर्षं कांदा घेणं अवघड होऊ शकतं, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची चूल कांद्यावर पेटते.

थोडक्यात सांगायचं तर

थंड देशात राहत असाल तर येत्या शरदात पर्पल सेन्सेशनचे दहा कंद, उन्हाची जागा आणि निचऱ्याची माती एवढ्यावर सुरुवात करा. पानं पिवळी पडली तर घाबरू नका आणि पाळीव प्राण्यांना लांब ठेवा. महाराष्ट्रात असाल तर महागडा कंद मागवण्याआधी टोपलीतला कोंब आलेला कांदा फेकू नका. दिवाळीच्या सुमाराला तो कुंडीत लावा. पांढरा का होईना, पण संक्रांतीच्या पुढेमागे ॲलियमचा गोळा तुमच्याही बाल्कनीत डोलू शकतो, आणि मधमाश्याही त्याला शोधत येतील.